बोर्डाचं गणित आणि सीईटीचं गणित: पुस्तक एकच, तपासणी वेगळी

बारावीच्या पालकसभेत दरवर्षी कोणीतरी हा प्रश्न विचारतंच. "सर, आमच्या लेकराला कॉम्प्युटरचं काही येईना, अन् सीईटी म्हणे कॉम्प्युटरवर हाय. टायपिंगचा क्लास लावावा का?" परभणीकडच्या खेड्यांतून एसटीनं आलेल्या या मायबापांची काळजी खरी असते, पण सीईटीत, म्हणजे बारावीनंतर इंजिनिअरिंगच्या प्रवेशासाठी राज्यात होणाऱ्या परीक्षेत, टायपिंग लागतच नाही. 'ऑनलाइन' म्हणतात म्हणून ती घरून किंवा मोबाइलवर देता येते, असंही नाही. नेमून दिलेल्या केंद्रावर जायचं, तिथल्या संगणकासमोर बसायचं आणि माउसनं पर्याय निवडायचा. संगणक समोर असला तरी कॅल्क्युलेटर मिळत नाही. आकडेमोड कच्च्या कागदावर हातानंच करावी लागते.

मला काळजी वाटते ती वेगळ्याच गोष्टीची. पुस्तक एकच असल्यामुळे मुलं बोर्डाचं गणित आणि सीईटीचं गणित एकच समजतात. कोणी म्हणतं, बोर्डाचा अभ्यास झाला म्हणजे सीईटी झालीच. कोणी वर्षभर नुसते पर्यायच सोडवतं आणि फेब्रुवारीत बोर्डाच्या पेपरात उत्तर मांडायला बसलं की हात थांबतो.

आधी रचना पाहू. बोर्डाचा गणिताचा लेखी पेपर ८० गुणांचा आणि वेळ तीन तास, म्हणजे एका गुणामागे सव्वादोन मिनिटं. सीईटीत गणिताचे ५० प्रश्न, प्रत्येकी २ गुण आणि ९० मिनिटं, म्हणजे प्रश्नामागे १०८ सेकंद. अभ्यासक्रमात बारावीचा वाटा साधारण ८० टक्के असतो आणि अकरावीचा २० टक्के. हे २० टक्के आमची मुलं अकरावीची परीक्षा झाली की विसरतात. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत. देशपातळीवरच्या इंजिनिअरिंग प्रवेश परीक्षेत, जेईई मेनमध्ये, मात्र बरोबर पर्यायाला ४ आणि चुकीच्या पर्यायाला उणे १. त्यामुळे सीईटीत शेवटच्या मिनिटाला एकही प्रश्न कोरा सोडू नये, आणि जेईईत तीच सवय अंगाशी येते.

आता एक गणित जवळून पाहू. निश्चित संकलनातलं (डेफिनिट इंटिग्रेशन) हे उदाहरण प्रत्येक मुलानं सोडवलेलं असतं: सीमा शून्य ते पाय/२, वर साइन एक्सचं वर्गमूळ, खाली साइन एक्सचं वर्गमूळ अधिक कॉस एक्सचं वर्गमूळ. बोर्डात 'समजा हे संकलन आय' असं लिहून सुरुवात करायची. गुणधर्म वापरून एक्सच्या जागी पाय/२ वजा एक्स ठेवायचं, की साइनचा कॉस आणि कॉसचा साइन होतो. दोन्ही समीकरणांची बेरीज केली की अपूर्णांक १ होतो, २ आय बरोबर पाय/२ येतं, आणि आय बरोबर पाय/४.

शेवटच्या ओळीत दोननं भागायचं राहिलं आणि मुलीनं पाय/२ लिहिलं, तरी बोर्डात गुणधर्माचे, बेरजेचे, मांडणीचे गुण मिळतात. मोठं नुकसान होत नाही. सीईटीत पर्याय काढणाऱ्याला ठाऊक असतं की मुलं नेमकी इथेच चुकतात, म्हणून पाय/२ हा पर्याय तिथे ठेवलेलाच असतो. तिला आपलं उत्तर पर्यायांत सापडतं, ती आनंदानं क्लिक करते आणि दोन्ही गुण जातात. संकलन अजिबात न आलेल्या मुलाइतकाच, म्हणजे शून्य गुण. गणित शिकवणारा माणूस म्हणून मला हे फार लागतं.

उलट बाजूही आहे. या साच्याच्या संकलनाचं उत्तर दोन सीमांमधल्या अंतराच्या निम्मं येतं, हे ज्याला माहीत आहे तो दहा सेकंदांत पाय/४ वर क्लिक करून पुढे जातो. तेवढंच बोर्डाच्या उत्तरपत्रिकेत लिहिलं, तर चार गुणांतला जेमतेम एखादा मिळेल.

संगणकाचे फायदेही खरे आहेत. २०१९ पूर्वी सीईटी ओएमआर शीटवर व्हायची. पेननं गोल एकदा काळा केला की झालं, आणि एक प्रश्न सोडला आणि पुढच्याचा गोल चुकून त्याच्याच ओळीत भरला की पुढची सगळी रांग चुकायची. आता उत्तर हवं तितक्या वेळा बदलता येतं, उरलेला वेळ डोळ्यांसमोर असतो, अक्षर कसं का असेना. परीक्षेनंतर आपण निवडलेले पर्याय आणि उत्तरसूची शेजारीशेजारी पाहता येते, चूक वाटली तर शुल्क भरून हरकत घेता येते. बोर्डात उत्तरपत्रिकेची छायाप्रत मागवून पुनर्मूल्यांकनाचा अर्ज करावा लागतो.

पण स्क्रीनवरचा प्रश्न कागदावर उतरवताना वजा चिन्ह सुटतं, घात खाली येतो. छापील प्रश्नपत्रिकेवरच्या आकृतीत मुलं कोन लिहायची, रेषा वाढवायची. स्क्रीनवरच्या आकृतीला हात लावता येत नाही, ती पुन्हा काढावी लागते आणि १०८ सेकंदांतले वीस तिथेच जातात.

दोन वर्षांपूर्वी आम्ही एमएस-सीआयटीच्या क्लासमधल्या संगणकांवर सराव परीक्षा घेतली. तांड्यावरून येणारी, वर्गात नेहमी पहिल्या तिघांत असणारी एक मुलगी निकाल पाहून रडवेली झाली. तिचे चौदा प्रश्न 'न सोडवलेले' दाखवत होते. तिच्या कच्च्या कागदावर मात्र ती चौदाही गणितं सोडवलेली होती. शेजारी बसवून पुन्हा करायला लावलं तेव्हा कळलं. ती पर्याय निवडायची आणि 'सेव्ह अँड नेक्स्ट' न दाबता थेट उजवीकडच्या चौकटीतल्या पुढच्या प्रश्नाच्या आकड्यावर क्लिक करायची. असं केलं की निवडलेलं उत्तर जतन होत नाही आणि चौकटीतला आकडा हिरवा होत नाही. घरी संगणक असलेल्या मुलाला हे आपसूक कळतं, तिला कोणी सांगितलंच नव्हतं. पुढच्या सरावात तिचा एकही प्रश्न असा गेला नाही.

निकालातही गल्लत होते. बोर्डाचे ९० टक्के म्हणजे शंभरात नव्वद गुण. सीईटी अनेक सत्रांत होते आणि प्रत्येक सत्राचा पेपर वेगळा असतो, म्हणून निकाल पर्सेंटाइलमध्ये देतात. ९० पर्सेंटाइल म्हणजे त्या सत्रातल्या शंभरांपैकी नव्वद जणांचे गुण या मुलाइतके किंवा त्याहून कमी. गुण ९० आहेत, असा त्याचा अर्थ होत नाही. पेढे वाटून झाल्यावर कॉलेजच्या यादीत नाव न दिसणारं घर मी पाहिलं आहे.

आणखी एक बारीक गोष्ट. जेईईत तीन तासांत कोणताही विषय आधी घेता येतो. सीईटीत पहिली ९० मिनिटं भौतिकशास्त्र आणि रसायनशास्त्राची, गणित त्यानंतरच उघडतं. म्हणजे दीड तास डोकं शिणल्यावर गणिताला बसायचं असतं. म्हणून बोर्डाचा पेपर झाला की आम्ही गणिताचा सराव एकटा घेत नाही. आधी दीड तास दुसरे दोन विषय आणि मग गणित. कच्च्या कागदाला चार घड्या घालायच्या, प्रत्येक चौकोनात प्रश्नाचा क्रमांक टाकायचा आणि शेवटची ओळ लिहून झाल्याशिवाय पर्यायांकडे पाहायचं नाही. तो कागद परीक्षेनंतर कोणी तपासत नाही. सरावाच्या वेळी मात्र मी तो गोळा करतो आणि लाल पेन घेऊन बोर्डाच्या पेपरासारखा तपासतो.