अवयव न शोधता मूळ संख्या कशी ओळखली जाते?

ऑक्टोबर 2024 मध्ये 4,10,24,320 अंकी मूळ संख्या जाहीर झाली: 2 चा 13,62,79,841 वा घात वजा 1. एका पानावर 5,000 अंक बसवले तरी नागपूरच्या बर्डीवरच्या झेरॉक्सवाल्याला 8,000 हून जास्त पानं काढावी लागतील. शाळेत अवयव पाडायला शिकलेली नागपूरची मुलं विचारतात, एवढ्या मोठ्या संख्येला कशाकशाने भागून पाहिलं? प्रश्न रास्त आहे. पिनकोड 440001 घ्या: अंकांची बेरीज 9, म्हणजे 9 ने भाग जातो, विषय संपला. पण मूळ संख्या ठरवायची तर वर्गमुळापर्यंतचे सगळे मूळ विभाजक तपासावे लागतात, आणि इथे वर्गमूळच दोन कोटींहून जास्त अंकी आहे. भागाकाराने हे काम कधीच होणार नाही.

वाट निघाली ती या संख्यांच्या खास रूपातून. मारँ मर्सेन या फ्रेंच धर्मगुरूने 1644 मध्ये 2 च्या घातातून 1 वजा करून मिळणाऱ्या मूळ संख्यांची यादी दिली. 2³¹ − 1 म्हणजे 2147483647 मूळ असल्याचं स्विस गणितज्ञ ऑयलरने 1772 मध्ये दाखवलं. तोही भागूनच पाहत होता, पण 62 ने भागल्यावर 1 उरेल असेच मूळ विभाजक इथे संभवतात हे ओळखून त्याने बहुतेक मेहनत वाचवली.

खरी कलाटणी 1876 ची. एदुआर ल्युका या फ्रेंच गणितज्ञाने विभाजक तपासणं सोडूनच दिलं. डेरिक लेहमरने पुढे 1930 च्या सुमारास या कसोटीला आजचं सुटसुटीत रूप दिलं. 31, म्हणजे 2⁵ − 1, वर ती करून पाहू. 4 पासून सुरुवात. वर्ग करून 2 वजा: 14. पुन्हा: 194, त्याला 31 ने भागून बाकी 8. पुन्हा: 62, बाकी 0. घातांक 5, पायऱ्या त्याहून दोन कमी, म्हणजे 3. शेवटी शून्य आलं, म्हणून 31 मूळ. शून्य आलं नसतं तर संख्या संयुक्त. मला यातलं सर्वात विलक्षण हेच वाटतं, की संयुक्त ठरलेल्या संख्येचा एकही अवयव हाती लागत नाही. मर्सेनच्या यादीतली 2⁶⁷ − 1 मूळ नाही हे ल्युकाने दाखवलं, पण तिचे अवयव फ्रँक नेल्सन कोलने 1903 मध्ये मांडले: 193707721 आणि 761838257287. ल्युकानेच 39 अंकी 2¹²⁷ − 1 मूळ ठरवली, तीही संगणकाविना.

1952 मध्ये राफाएल रॉबिन्सनने हीच कसोटी संगणकावर चालवून एका वर्षात अशा पाच संख्या मिळवल्या. 1996 पासून जगभरचे स्वयंसेवक आपापले संगणक या शोधाला जोडतात. 2024 ची संख्या ल्यूक ड्युरंटला ग्राफिक्स प्रोसेसरवर मिळाली. आधी संख्या बहुधा मूळ आहे एवढंच सांगणाऱ्या चाचणीने ती हेरली आणि शिक्कामोर्तब ल्युका-लेहमर कसोटीनेच झालं.

2002 मध्ये कानपूरच्या आयआयटीत मणींद्र अग्रवाल, नीरज कयाल आणि नितीन सक्सेना यांनी कोणत्याही रूपाच्या संख्येसाठी खात्रीची, बहुपदी वेळात चालणारी, म्हणजे अंक वाढले तरी वेळ बेसुमार न फुगणारी रीत सिद्ध केली. सिद्धांत म्हणून तिचं मोल फार मोठं, पण विक्रमासाठी ती संथ पडते. 10 कोटी अंकी मूळ संख्येसाठी दीड लाख डॉलरचं बक्षीस अजून कुणी मिळवलेलं नाही. मर्सेन रूपात ती शोधायची तर घातांक सुमारे 33.2 कोटींच्या पुढचा लागेल.