जिताडा: आधी नर, मग मादी

पेण-अलिबागकडच्या खारेपाटात भातशेतीलगतच्या तळ्यात पोसलेला जिताडा जावयाच्या ताटात पडला, की पाहुणचार पुरा झाला असे मानतात. गोव्यात हाच मासा चोणक, बंगालात भेटकी आणि ऑस्ट्रेलियात बारामुंडी म्हणून ओळखला जातो. मात्र त्या तळ्यात तो कितीही माजला तरी त्याची वीण तिथे होत नाही, कारण गोड्या पाण्यात वाढणाऱ्या या माशाला अंडी घालण्यासाठी समुद्राइतके खारे पाणी लागते. म्हणूनच तळ्यात सोडायची पिल्ले पूर्वापार खाडीतून धरून आणली जातात.

विणीच्या काळात जिताडे खाडीच्या मुखाशी जमतात आणि अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाच्या सुमारास, बहुधा तिन्हीसांजेनंतर, अंडी व शुक्राणू पाण्यात सोडतात. अंडे जेमतेम पाऊण मिलिमीटरचे असते; ते तरंगत भरतीबरोबर आत येते आणि दिवस उलटण्याआधीच फुटते. पुढे पिल्ले तिवरांच्या मुळांत आणि खाजणांत आसरा घेतात, पण तिथेही भाऊबंदकी चुकत नाही: अंगाने जरा वाढलेले पिल्लू आपल्या निम्म्या लांबीचे भावंड सहज गिळते. मत्स्यबीज केंद्रांत त्यामुळेच पिल्ले वरचेवर आकारानुसार वेगळी करावी लागतात.

याहून नवलाची गोष्ट पुढेच आहे. बहुतेक जिताडे तीन-चार वर्षांचे होताना नर म्हणून वयात येतात आणि काही हंगाम नर म्हणूनच वावरतात. मग लांबी साधारण 80 ते 100 सेंटीमीटरच्या घरात पोचली, की वृषणाच्या पेशी विरत जातात, त्यांच्या जागी अंडाशय तयार होते, आणि तोच मासा मादी होतो. तिथून परतीची वाट नाही. निसर्गाचा हा हिशेब मला तरी चोख वाटतो, कारण शुक्राणू पुरवायला लहान शरीर पुरते, अंड्यांची संख्या मात्र पोटातल्या जागेवर ठरते, आणि मोठी मादी एका हंगामात कोट्यवधी अंडी देऊ शकते. दहा-बारा किलोचा जिताडा चिरताना गाभोळी हाती लागते आणि लहानाच्या पोटात ती क्वचितच दिसते, त्याचे कारण हेच.

चेन्नईच्या केंद्रीय खारे जल जलकृषी संस्थेने 1997 मध्ये संप्रेरकाचे इंजेक्शन देऊन बंदिस्त जागेत जिताड्याची वीण घडवून आणली, तेव्हापासून खाडीतल्या पिल्लांवरच विसंबण्याची गरज उरली नाही. खाडीत मात्र जाळ्यातला सर्वांत मोठा, म्हणूनच सर्वांत महाग मासा, ही बहुधा आई असते. ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलँड राज्यात, काही तलावांचा अपवाद सोडता, 120 सेंटीमीटरहून मोठा जिताडा पकडला तर तो पुन्हा पाण्यात सोडावा लागतो.