लेक्चर कळलं म्हणजे लक्षात राहिलं असं नसतं

"ऑनलाइन शिकलेलं डोक्यात राहत नाही हो" हे वाक्य २०२० च्या लॉकडाऊनपासून आपल्याकडे इतक्या वेळा ऐकू येतं की आता ते कुणी तपासून बघायच्याही भानगडीत पडत नाही. पण सदाशिव पेठेतल्या कुठल्याही अभ्यासिकेत डोकावून बघा, एमपीएससीवाली पोरं कानात हेडफोन घालून दुप्पट स्पीडने लेक्चर बघत असतात, आणि शेजारच्याच क्लासमध्ये शंभर जण फळ्यावरचं मुकाट्याने उतरवून घेत असतात. माझ्या मते दोघांचं चुकतंय ते सेम. माहिती नुसती आत जातेय, बाहेर काढायची वेळच येत नाही.

यावरचा माझा सगळ्यात आवडता प्रयोग २००६ चा, अमेरिकेतल्या रोडिगर आणि कार्पिके या दोन मानसशास्त्रज्ञांचा. एका गटाने एक उतारा चार सत्रांत पुन्हा पुन्हा वाचला, सरासरी १४ वेळा. दुसऱ्या गटाने एकाच सत्रात तीन-चारदा वाचला आणि उरलेली तीन सत्रं कोऱ्या कागदावर आठवेल ते लिहिलं, उतारा परत बघायचा नाही, चूक-बरोबर कुणी सांगायचं नाही. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तर वाचणारे पुढे, ८३ टक्के विरुद्ध ७१. आठवड्याने घेतली तर वाचणारे ४० वर आले आणि आठवणारे ६१ वर! गंमत म्हणजे आपल्याला जास्त लक्षात राहील असा भरवसा वाचणाऱ्यांनाच जास्त होता.

असं का होत असावं? मेंदूत हिप्पोकॅम्पस नावाचा भाग आहे, त्यातल्या सीए३ पट्ट्यातल्या पेशी एकमेकींनाच भरपूर जोडलेल्या असतात, त्यामुळे आठवणीचा एक तुकडा जागा झाला की तो बाकीच्यांना ओढून आणतो, आणि एकत्र पेटलेल्या पेशींमधले सिनॅप्स, म्हणजे त्यांच्यातले जोड, मजबूत होतात (हे मजबूत होणं ब्लिस आणि लोमो या संशोधकांनी १९७३ मध्ये सशांच्या हिप्पोकॅम्पसमध्ये मोजून दाखवलं). वाचताना सगळे तुकडे आयतेच समोर असतात, ओढायचं कामच नाही. आठवताना मात्र ती वाट स्वतः तुडवावी लागते, रानातली पायवाट जशी चालून चालूनच पडते तशी.

त्यामुळे "मिडब्रेन अ‍ॅक्टिव्हेशन"च्या नावाखाली हजारो रुपये घेऊन पोरांना डोळ्याला पट्टी बांधून वाचायला लावणाऱ्यांकडे चुकूनही जाऊ नका. मिडब्रेन म्हणजे मेंदूचा मधला भाग, तो जन्मापासून चालूच असतो, डोळ्यांच्या हालचाली वगैरे बघतो, आणि पट्टीखाली नाकाशेजारी फट असतेच.

आता स्क्रीनचं. २०१३ मध्ये हार्वर्डच्या संशोधकांनी २१ मिनिटांच्या ऑनलाइन लेक्चरचे चार तुकडे केले आणि प्रत्येकानंतर छोटी टेस्ट ठेवली, तर मन भरकटण्याचं प्रमाण ४१ टक्क्यांवरून १९ वर आलं. व्हिडिओ तोच, स्क्रीन तीच. वर्गात चांगल्या बाई हेच करतात, अचानक "सांग रे" म्हणतात आणि ज्याला विचारलेलं नाही त्याचाही मेंदू पळायला लागतो. घरी ते काम आपलं आपणच करायचं, पंधरा मिनिटांनी पॉज, फोन उलटा, कोरा कागद, आणि दुसऱ्या दिवशी परत.

पहिली-दुसरीच्या पोरांना मात्र हे सगळं लावू नका. पॉज कधी करायचा हे त्यांना कळायला अजून वेळ आहे, तिथे समोर बसलेल्या बाईच लागतात.