एएफ ॲब्लेशनआधीचा सीटी स्कॅन: येण्यापूर्वी वाचा

‘ईसीजी झाला, इको झाला, आता सीटी कशाला?’ आमच्या काउंटरवर हे नेहमी विचारलं जातं.

एट्रियल फिब्रिलेशनमध्ये (एएफ) हृदयाच्या वरच्या कप्प्यांची लय बिघडते. ती बिघडवणारे ठोके बहुतेकदा फुप्फुसांकडून वरच्या डाव्या कप्प्यात येणाऱ्या शिरांमध्ये सुरू होतात, हे फ्रान्समधल्या बोर्दोच्या डॉक्टरांनी १९९८ मध्ये दाखवलं. ॲब्लेशनमध्ये जांघेतून कॅथेटर (बारीक, लवचिक नळी) नेऊन या शिरांच्या तोंडाभोवती डाग देतात.

पण या शिरा सगळ्यांच्या सारख्या नसतात. पुस्तकात चार, प्रत्यक्षात कोणाच्या डावीकडच्या दोन एकाच तोंडाने उघडतात, कोणाला उजवीकडे एक जास्तीची असते. शिवाय कप्प्याच्या अगदी मागे अन्ननलिका असते. तिला चटका बसू नये म्हणून ती नेमकी कुठून जाते, हे आधी कळलेलं बरं. आमची सीटीची चित्रं कॅथलॅबच्या (जिथे ॲब्लेशन करतात ती खोली) मॅपिंग मशीनवर, म्हणजे कप्प्याचा नकाशा दाखवणाऱ्या यंत्रावर, चढवता येतात, पण ती सीडीवरून. फिल्म तिथे चालत नाही. तेव्हा ॲब्लेशनला जाताना फिल्म घरी विसरली तरी चालेल, सीडी विसरू नका.

डाव्या कप्प्याला एक छोटी पिशवी असते, अपेंडेज. तिच्यात गुठळी असेल तर ॲब्लेशन पुढे ढकलतात. रक्त नुसतं संथ फिरत असलं तरी पहिल्या चित्रात तिथे गुठळीसारखंच काळं दिसतं, म्हणून थोडं थांबून पुन्हा स्कॅन घेतो. ‘अजून एकदा’ म्हटलं की घाबरू नका. त्यानंतरही शंका उरली तर अन्ननलिकेतून इको करावी लागते.

एमआरआयमध्ये कप्प्याच्या भिंतीतले व्रण दिसू शकतात. मात्र ते व्रण बघून जास्तीचं ॲब्लेशन केल्याने फायदा वाढला नाही, असं डीकाफ-२ या मोठ्या चाचणीत २०२२ मध्ये दिसलं. डॉक्टरांनी लिहून दिला नसेल, तर आमच्याकडे येऊन एमआरआय मागू नका.

स्कॅनला येताना क्रिएटिनिनचा (मूत्रपिंडाच्या कामाची रक्ततपासणी) रिपोर्ट आणा. सकाळपासून चहा-कॉफी नको. रक्त पातळ करणारी गोळी स्वतःहून बंद करू नका. कॉन्ट्रास्ट (चित्रात रक्त उठून दिसावं म्हणून शिरेतून द्यायचं औषध) जोरात सोडावा लागतो, म्हणून कोपराजवळ जरा जाड व्हेनफ्लॉन (शिरेत ठेवायची छोटी नळी) लावतो. औषध आत गेलं की अंग गरम होतं, लघवी झाल्यासारखं वाटतं, होत नाही. काही सेकंदांत ते जातं, तेवढा वेळ श्वास रोखून धरा.

पूर्वी कॉन्ट्रास्टची रिॲक्शन आली असेल, दमा असेल किंवा मधुमेहासाठी मेटफॉर्मिन चालू असेल, तर अपॉइंटमेंट घेतानाच फोनवर सांगा.