डी व्हिटॅमिनचं जीन आणि दमा, हे सुरू कुठून झालं

मुलाला दमा आहे म्हटलं की हल्ली कोणीतरी विचारतंच, डी ची लेव्हल बघितली का, आणि त्यात व्हीडीआर जीनचं नाव पण निघतं, म्हणून थोडं मागचं सांगते.

व्हीडीआर म्हणजे डी व्हिटॅमिन पेशीत ज्याला जाऊन चिकटतं त्या रिसेप्टरचं जीन, 12 नंबरच्या क्रोमोसोमवर. आधी सगळ्यांचं लक्ष हाडांवर होतं. 1994 ला सिडनीच्या टीमने 'नेचर'मध्ये छापलं की हाडं किती दणकट होणार हे बरंचसं या एका जीनवर ठरतं, आणि 1997 ला त्यांनाच दुरुस्ती द्यावी लागली कारण काही सॅम्पल्सचं जीनोटायपिंग, म्हणजे कोणाकडे जीनचा कुठला प्रकार आहे ते ओळखणं, चुकलं होतं.

दम्याचं नाव खरं गाजलं 2004 ला. कॅनडात क्यूबेकच्या सागने भागात मोजक्या फ्रेंच वसाहतवाल्यांचे वंशज राहतात, त्यामुळे जीनचा माग काढायला सोपं जातं, तिथल्या कुटुंबांमध्ये आणि बॉस्टनच्या टीमने तपासलेल्या अमेरिकन पेशंट्समध्ये, दोन्हीकडे व्हीडीआरच्या काही प्रकारांचं दम्याशी नातं दिसलं. पण त्याच वर्षी हे जीनच काढून टाकलेल्या उंदरांना दमा द्यायचा प्रयत्न केला तर त्यांना तो झालाच नाही! म्हणजे डी चं काम बंद पडलं की दमा वाढतो असं सरळ गणित नव्हतंच. 2005 ला जर्मन कुटुंबांमध्येही फारसं काही हाती लागलं नाही.

तरी 2007 पासून 'डी कमी म्हणून दमा' हा विचार पसरला, आणि मला विचाराल तर तो पटण्यासारखा होताही. मग अमेरिकेत गरोदर बायकांना रोज 4400 किंवा 400 युनिट देऊन बघितलं, तिसऱ्या वर्षापर्यंत दमा किंवा सारखी घरघर 24 टक्के विरुद्ध 30 टक्के मुलांत, म्हणजे हा फरक नुसता योगायोग नाही असं म्हणायला अगदी थोडं कमी पडलं, आणि सहाव्या वर्षी तेवढाही फरक राहिला नाही.

मधल्या काळात, 2010 ला, साधारण 34 हजार युरोपियन वंशाच्या लोकांवरून रक्तातली डी ची लेव्हल कुठली जीन्स ठरवतात ते कळलं, जीसी, सीवायपी2आर1 वगैरे. ही जीन्स जन्मताच मिळतात, उन्हात किती फिरलो, काय खाल्लं यावर ती बदलत नाहीत, त्यामुळे खरंच डी कमी असल्याने दमा होत असेल तर जन्मापासून कमी लेव्हलची जीन्स असलेल्यांना तो जास्त व्हायला हवा ना? 2017 ला हा हिशोब मांडला तर तसं काही दिसलं नाही. आणि तो मांडणारी टीम होती मॉन्ट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठाची, जिथून 2004 चा क्यूबेकचा पेपर आला होता.