चेंडू कसा पडतो हे कॉम्प्युटरला कोण सांगणार?

मार्च २०२५मध्ये 'फ्लो' या लाटव्हियन चित्रपटाला सर्वोत्कृष्ट ॲनिमेशनपटाचं ऑस्कर मिळालं. तो ब्लेंडर या फुकट मिळणाऱ्या ॲनिमेशनच्या सॉफ्टवेअरमध्ये केलाय म्हटल्यावर माझ्या ओळखीतल्या चौघांनी लगेच ब्लेंडर डाउनलोड केलं. तिघांनी पंधरा दिवसांत नाद सोडला. चौथ्याकडे वीस मिनिटांच्या महाकथेची संहिता तयार आहे. तीत समुद्र आहे, घोडदळ आहे आणि नायिकेचे लांब केस वाऱ्यावर उडतात. "कॉम्प्युटरच करतो ना सगळं?" असं तो मला विचारतो.

बातमीच्या गडबडीत एक गोष्ट मागे पडली. दिग्दर्शक गिंट्स झिल्बालोडिस यांनी त्याआधी अनेक लघुपट केले होते. २०१९चा 'अवे' तर त्यांनी एकट्याने केला आणि त्यात त्यांची साडेतीन वर्षं गेली.

आता थोडा हिशेब. सेकंदाला २४ फ्रेम, म्हणजे एकामागून एक दिसणारी २४ स्थिर चित्रं, धरल्या तर तीन मिनिटांच्या फिल्मला ४,३२० फ्रेम लागतात. एक फ्रेम रेंडर व्हायला, म्हणजे कॉम्प्युटरने तिचं पूर्ण चित्र तयार करायला, पाच मिनिटं लागली तर झाले ३६० तास. म्हणजे मशीन रात्रंदिवस चालवून पंधरा दिवस, तेही काहीच चुकलं नाही तर. म्हणून पहिल्या फिल्ममधून समुद्र, केस आणि घोडदळ काढून टाका. गोष्ट तीस सेकंदांत बसवा. काड्यांच्या माणसांचा का होईना, पण स्टोरीबोर्ड, म्हणजे प्रसंगांची क्रमाने चित्रं, काढा. ती चित्रं आवाजासकट वेळेवर लावून ॲनिमॅटिक करा. तिथे जे कंटाळवाणं वाटतं ते रेंडर केल्यावरही कंटाळवाणंच राहतं. नियोजनाबद्दल मला एवढंच सांगायचंय, कारण मला खरं बोलायचंय ते चेंडूबद्दल.

समजा, हातातून सुटलेला चेंडू अर्ध्या सेकंदात जमिनीला लागतो. अर्धा सेकंद म्हणजे १२ फ्रेम. तुम्ही दोन कीफ्रेम, म्हणजे वस्तूची जागा तुम्ही स्वतः ठरवलेल्या फ्रेम, देता, शून्याव्या फ्रेमला चेंडू वर आणि बाराव्या फ्रेमला खाली. मधल्या अकरा जागा कॉम्प्युटर भरतो. पण गुरुत्वाकर्षण त्याच्या गावीही नसतं, त्याला दिसतात फक्त दोन ठिपके. ते सरळ रेषेने जोडायला सांगितले तर चेंडू लिफ्टसारखा एकाच वेगाने उतरतो. काहीच सांगितलं नाही तर ब्लेंडर आपली नेहमीची वळणदार रेषा काढतो. तिचा वेग सुरुवातीला कमी, मध्ये जास्त आणि शेवटी पुन्हा कमी असतो. मग जमीन जवळ आली की चेंडू चक्क ब्रेक मारतो, कोणीतरी त्याला गादीवर अलगद ठेवल्यासारखा. माझा पहिला चेंडू असाच होता. दोष प्रकाशाचा असेल असं समजून मी दोन दिवस दिवे हलवत बसलो होतो.

खरा चेंडू कसा पडतो ते गॅलिलिओने १६३८मध्ये छापून ठेवलंय. सारख्या वेळांत कापलेली अंतरं १, ३, ५, ७ अशी विषम संख्यांनी वाढत जातात. पहिल्या फ्रेममध्ये, म्हणजे सेकंदाच्या चोविसाव्या भागात, चेंडू फक्त साडेआठ मिलिमीटर सरकतो. याला एक 'घर' म्हणू. दुसऱ्या फ्रेममध्ये तो तीन घरं जातो, तिसऱ्यात पाच आणि बाराव्यात तेवीस, म्हणजे जवळजवळ साडेएकोणीस सेंटिमीटर. सगळी बेरीज १४४ घरं होते, बाराचा वर्ग, साधारण सव्वा मीटर. वेग सगळ्यात जास्त असतो तो जमिनीला लागण्याच्या क्षणी, आणि ब्लेंडर नेमका तिथेच चेंडू थोपवतो.

हे दुरुस्त करायचं ते ग्राफ एडिटरमध्ये, म्हणजे कोणत्या फ्रेमला चेंडू किती उंचीवर हे दाखवणाऱ्या आलेखात. ब्लेंडरची ती वळणदार रेषा म्हणजे बेझिए वक्र, आणि तिला हवं तसं वळवायचं ते तिच्या टोकांची हँडलं ओढून. पिएर बेझिए यांनी १९६०च्या दशकात रेनो कंपनीत मोटारींच्या अंगाची वळणं आखायला हे वक्र वापरले. त्यांच्याआधी १९५९मध्ये सित्रोएनमध्ये पॉल द कास्तेल्जो यांना हीच युक्ती सापडली होती, पण कंपनीने ती गुपित ठेवली आणि नाव झालं बेझिएंचं. द कास्तेल्जोंची रीत मला फार आवडते, कारण तिला फक्त मध्यबिंदू काढता यावे लागतात.

चार बिंदू घ्या. आधी फ्रेम, मग उंची. सुरुवात (०, १४४), वरचं हँडल (४, १४४), खालचं हँडल (८, ९६), शेवट (१२, ०). लागोपाठच्या जोड्यांचे मध्यबिंदू येतात (२, १४४), (६, १२०) आणि (१०, ४८). पुन्हा मध्यबिंदू काढले की (४, १३२) आणि (८, ८४). आणखी एकदा काढला की उरतो (६, १०८). म्हणजे सहाव्या फ्रेमला चेंडू १०८ घरं उंचीवर, ३६ घरं खाली आलेला. गॅलिलिओचे पहिले सहा विषम आकडे मिळवून पाहा, ३६च येतात! हा योगायोग नाही. पडणाऱ्या चेंडूचा आलेख अन्वस्त (पॅराबोला) असतो आणि हँडलं बरोबर बसली की बेझिए वक्र अगदी तंतोतंत अन्वस्त होतो. नियम असा: वरचं हँडल आडवं, एक तृतीयांश वेळेवर. खालचं दोन तृतीयांश वेळेवर, दोन तृतीयांश उंचीवर. कीफ्रेमची हँडलं आधी 'फ्री' करा, नाहीतर एक ओढलं की दुसरं मागून येतं आणि टप्प्याचं टोक बोथट होतं.

"एक ओळ टाइप करा, फिल्म तयार" असं म्हणणाऱ्या एआयच्या जाहिराती रोज दिसतात. तशा मिळालेल्या व्हिडिओतला टप्पा दोन फ्रेम अलीकडे घ्यायचा असेल तर धरायला हँडलच नसतं. ब्लेंडरमध्ये भौतिकीचं सिम्युलेशनही आहे आणि ते चेंडू झकास टाकतं. पण उडी मारावी की नाही या विचारात पडलेलं पात्र सिम्युलेशनला कळत नाही. त्या पात्राचं वजन शेवटी तुमच्याच हाताने आलेखात उतरतं, म्हणून चेंडू शिकायचा.

टप्प्यानंतर चेंडू वर चढायला ९ फ्रेम घेत असेल तर उंची ८१ घरं, नवाचा वर्ग. पुढच्या टप्प्याला ७ फ्रेम, ४९ घरं. उंची आणि वेळ दोन्ही मनाला येतील तसे निवडता येत नाहीत, एक ठरवलं की दुसरं ठरतं. आता चेंडू, जमीन, कॅमेरा जसेच्या तसे ठेवा आणि पहिलं पडणं १२ऐवजी २४ फ्रेममध्ये करा. २४ फ्रेममध्ये खरी वस्तू ५७६ घरं, म्हणजे सुमारे ४.९ मीटर, आधीच्या सव्वा मीटरच्या चौपट, पडते. पडद्यावर चेंडू तेवढाच दिसतो, पण पाहणाऱ्याला तो चौपट मोठा आणि अवजड वाटू लागतो.