शेपूट हलतंय म्हणजे कुत्रा खूशच?

‘शेपूट हलवणारा कुत्रा चावत नाही, मुलांना खुशाल हात लावू द्या’ असं सांगितलं जातं. ते अर्धंच खरं आहे. हलणारी शेपटी कुत्रा उत्तेजित झालाय एवढंच सांगते. आनंदानं की रागानं, ते बाकीच्या अंगावरून कळतं. कंबरेसकट सैल डोलणारी शेपटी बहुधा मैत्रीची. ताठ उभारून भरभर थरथरणारी शेपटी, आवळलेलं तोंड, रोखलेली नजर दिसली की लांबच राहायचं.

पडताळायचं तर कुत्रा फिरवताना मुलाला सोबत न्या. समोरून दुसरा कुत्रा आला की साखळी तुम्ही धरा, मुलाला नुसतं बघू द्या: शेपटी, मग कान, मग तोंड. शिकवलं की मुलांना हे हळूहळू ओळखता येतं. परक्या कुत्र्याला मालकाला विचारल्याशिवाय हात नाही. आणि चावलाच, तर जखम साबणानं वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटं धुवून लगेच दवाखाना गाठा.